आबाजींचे सात महिने

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातील लहानथोर सारी माणसे एका कागदाच्या शोधात होती. आमच्या धाकट्या भावाच्या मुलीचा बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला. अंजनगाव सुर्जीच्या आमच्या वस्तीत पेढे वाटून झाले, विहारात वंदनेनंतर पोरीचे कौतुक झाले, आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेजातून सांगणे आले की जात पडताळणीचे प्रमाणपत्र ठरल्या तारखेच्या आत आणून द्या. तोवर हमीपत्रावर प्रवेश. प्रमाणपत्र आले नाही तर राखीव जागा गेली. खुल्या जागेची फी भरायची म्हटले तर आमच्या तिन्ही घरांची वर्षाची कमाई एकत्र केली तरी पुरायची नाही.

हे लिहिणारे आम्ही म्हणजे तीन भावंडे. एक एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला, एक गवंडीकाम करणारा, आणि एक बहीण, अंगणवाडीत मदतनीस. लेखणी एकाच्या हातात असली तरी बोलणे तिघांचे आहे.

ज्यांना या कागदाचा अनुभव आहे त्यांना सांगायला नको. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या पूर्वीचा पुरावा लागतो. वडील, आजोबा, पणजोबा यांपैकी कोणीतरी त्या तारखेपूर्वी या भागात राहत होते आणि त्यांची जात अमुक होती, हे कागदावर दिसले पाहिजे. सर्वांत चांगला पुरावा म्हणजे शाळेचा दाखला. आमच्या वडिलांचे नाव १९४१ साली शाळेत घातले होते हे आम्हाला पक्के ठाऊक होते. पण त्यांचा दाखला घराच्या पडझडीत कधीच गेला होता, आणि शाळेत चौकशी केली तेव्हा त्या सालांचे रजिस्टर गळक्या छताखाली भिजून लगदा झाल्याचे कळले. रजिस्टर उपलब्ध नाही, असे त्यांनी लेखी दिले. तो कागद घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथले बाबू म्हणाले, "मग आजोबांचा आणा. शाळेत गेलेच नसतील तर पुरावा कुठून येणार?"

बाबू काही रागाने बोलले नाहीत. सहज बोलले. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. ज्यांना शाळेच्या दारात उभे करत नव्हते त्यांच्या नातवंडांकडे शाळेचाच पुरावा मागतात, हे आमच्या डोक्यातून जाईना. आमचे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणत असू, ते तर आंगठेबहाद्दर. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर त्यांना हजेरीपटावर आंगठा उठवताना आम्ही पाहिले आहे. शाईचा आंगठा धोतराला पुसू नये म्हणून ते तो मातीत घासत. असा माणूस शाळेत कधी गेला असेल, हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

आमची आत्या आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे. ऐकू कमी येते, पण आठवण शाबूत आहे. तिला विचारले, "आत्या, आबाजी शाळेत गेल्ते काय?" ती म्हणाली, "गेल्ता नं. बावाले नावातले पहिले दोन अक्षरं येत होते. मंग पुढचे कोण शिकवन?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. इतक्या वर्षांत तिने हे कधी सांगितले नव्हते, कारण आम्ही कधी विचारले नव्हते.

आबाजींचे मूळ गाव शहानूर नदीच्या काठचे एक खेडे. जिनिंगच्या कामासाठी ते पुढे अंजनगावला आले. त्या खेड्यातली शाळा आता जिल्हा परिषदेची आहे. मुख्याध्यापिका तरुण बाई. त्यांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि लोखंडी कपाट उघडले. जुनी दाखल-खारीज रजिस्टरे कापडात बांधून ठेवली होती. दोन तास आम्ही एकेक पान उलटत होतो. काही पाने बालबोध अक्षरात, काही मोडीत. शेवटी बहिणीने बोट ठेवले. १९१९ साल. आबाजींचे नाव, पुढे त्यांच्या बापाचे नाव. आडनाव नाही. जात महार. वय आठ. बापाचा धंदा जागल्या. दाखल जून महिन्यात. नाव कमी केले जानेवारी १९२० मध्ये. कारणाच्या रकान्यात दोन शब्द : सतत गैरहजर.

सात महिने. आमच्या आबाजींची सारी शाळा तेवढीच.

कागद मिळाल्याचा आनंद होता. पण गावी परतताना एस.टी.त कोणी कोणाशी बोलले नाही. हा आठ वर्षांचा मुलगा शाळेत गेला, मग आला का नाही? दोष त्याचा, त्याच्या बापाचा, की आणखी कोणाचा? या प्रश्नाचा छडा लावावा असे आम्ही ठरवले. गावच्या वाचनालयात जे मिळाले ते वाचले, जाणत्या माणसांना विचारले. जे कळले ते या पानावरच्या वाचकांपुढे ठेवतो, कारण हे एका घराचे प्रकरण नाही.

इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाचे नाव एका तहासाठी येते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचा तह इथे झाला. पुढे १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या कारभारात घेतले, कारण निजामाला त्यांच्या फौजेचा खर्च देता येत नव्हता. वऱ्हाडची काळी जमीन म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे पैसा. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि नागपूरहून कारभार सुरू झाला.

शिक्षणाची व्यवस्था इंग्रजांनी कशी लावली हे पाहण्यासारखे आहे. १८३५ मध्ये मेकॉलेने ठरवले ते असे की वरच्या थोड्या लोकांना इंग्रजी शिकवावे, मग ते ज्ञान वरून खाली झिरपत जाईल. १८५४ मध्ये वुडचा खलिता आला. त्यात सामान्य रयतेला शिक्षण द्यावे, प्रत्येक प्रांतात शिक्षणखाते असावे, खाजगी शाळांना अनुदान द्यावे, असे लिहिले होते. कागद चांगला होता. पण तीनच वर्षांत, १८५७ मध्ये, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठे उभी राहिली, आणि खेड्यातली शाळा मात्र वाट पाहत राहिली. घर बांधताना आधी छप्पर घातले आणि पायाचे नंतर पाहू म्हटले, असा हा प्रकार. आमच्यातला गवंडी म्हणतो की असे घर आम्ही बांधले असते तर मालकाने मजुरी दिली नसती.

वऱ्हाडात १८६० नंतर शिक्षणखाते आले. खाली गावोगाव मराठी शाळा, मुसलमानांच्या वस्तीत उर्दू शाळा. त्यांच्यावर देखरेख करणारे डिपटी, ज्यांचा घोडा गावात शिरला की मास्तर पोरांना अंघोळी घालून बसवत. त्यावर थोड्या इंग्रजी मिडल शाळा. त्यावर हायस्कूल, तेही अमरावती आणि अकोल्यासारख्या मोठ्या ठिकाणी. आणि कॉलेज? अख्ख्या वऱ्हाडात १९२३ पर्यंत एकही नव्हते. त्या वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले, आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ झाले. त्यापूर्वी ज्याला पुढे शिकायचे त्याने नागपूर, पुणे, मुंबई गाठावी. म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा आणि शहरात नातेवाईक, त्यानेच शिकावे.

पैसा कोण देत होते? शेतसाऱ्यावर निरनिराळ्या पट्ट्या बसत. एक रस्त्यांची, एक शाळेची, एक गावच्या जागल्याची. हे वाचले तेव्हा आम्हाला आबाजींच्या रकान्यातला 'जागल्या' हा शब्द आठवला. ज्या शेतसाऱ्याच्या पट्टीतून बापाने रात्रभर गाव राखण्याचे चार पैसे घेतले, त्याच साऱ्याच्या दुसऱ्या पट्टीतून शाळा चालली, आणि त्या शाळेत त्याचे पोरगे सात महिने टिकले. ज्योतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे नेमके हेच सांगितले होते. पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण वरच्या वर्गाचे, हा अन्याय बंद करा, वरच्या शिक्षणावरचा खर्च कमी करून खेड्यातल्या प्राथमिक शाळांकडे वळवा, आणि बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. सरकारने ती मानली नाही.

कायद्याने शाळा सर्वांना खुल्या होत्या का? होत्या. ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असली पाहिजे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्या मुलाने सरकारकडे अर्ज केला. त्याचे नाव इतिहासाने जपले नाही, पण त्याची हिंमत पाहा. मुंबई सरकारने विचार केला तो असा, की एका मुलाला घेतले तर बाकीची मुले निघून जातील आणि शाळा ओस पडेल. म्हणून त्याला न्याय मिळाला नाही. प्रकरण विलायतेपर्यंत गेले, आणि १८५८ मध्ये तिथून हुकूम आला की सरकारी पैशाच्या शाळा कोणताही भेद न करता सर्व प्रजेला खुल्या आहेत.

हुकूम झाला. पण हुकूम आणि बसायची जागा यांत अंतर असते. मास्तर गावचा, गाव जुने. मुलगा आत आला तरी बसायचे ओट्यावर, नाहीतर दाराशी. पाटी तपासायची तर लांबून. तहान लागली तर कोणी वरून पाणी ओतेल तेव्हाच. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसून धडे गिरवले, हे आपल्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सुभेदाराच्या मुलाची ही गत, तर जागल्याच्या मुलाची काय असेल?

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे जे निवेदन दिले त्यात १८८१-८२ सालचे मुंबई इलाख्याचे आकडे आहेत. प्राथमिक शाळांतल्या शंभर मुलांत अस्पृश्यांचे एकसुद्धा पुरते भरत नव्हते. हायस्कुलात एकही नाही. कॉलेजात एकही नाही. हुकूम निघून तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न घ्या. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरुवात करून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसा कायदा केला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले. एवढ्याशा संस्थानांना जे जमले ते जगावर राज्य करणाऱ्या इंग्रज सरकारला जमत नव्हते. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले, ते पुढच्या वर्षी नामंजूर झाले. मध्यप्रांत-वऱ्हाडात असा कायदा झाला तो १९२० साली. त्यातही स्थानिक संस्थांना सक्ती लागू करण्याची मुभा होती, बंधन नव्हते. आमच्या आबाजींचे नाव कमी झाले ते त्याच वर्षीच्या जानेवारीत.

आता ते का गेले नाहीत, ते आत्याने सांगितले. तिने ते तिच्या आजीकडून ऐकले होते. "दिवाळी झाली का कापूस फुटे. बावा वेचाले गेला तो गेलाच. मास्तर एकडाव बलवाले आल्ता म्हणे. माहा आजा म्हणे, पोट्टं वेचाले गेलं तं चार पैसे येतात. शाळेत गेलं तं काय येते, बाहीर बसनं अन् मार खानं."

आमच्या गावावरून छोटी रेल्वे जात असे. मूर्तिजापूर ते अचलपूर. लोक तिला शकुंतला म्हणत. आता ती बंद आहे, रूळ गवतात गेले आहेत. ती १९१३ मध्ये सुरू झाली. आमच्या भागातला कापूस भरून मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवर न्यायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर, हा तिचा धंदा. कापसासाठी विलायती कंपनीची रेल्वे आमच्या शेताच्या बांधापर्यंत आली. शाळा मात्र महारवाड्याच्या वेशीपर्यंत आली नाही. आठ वर्षांच्या पोराच्या बोटांनी वेचलेला कापूस त्या डब्यांतून गेला असेल, आणि त्याच बोटांना नावाची पुढची अक्षरे लिहिता आली नाहीत. आम्हाला आता 'सतत गैरहजर' या दोन शब्दांचा अर्थ कळतो. पोरगे गैरहजर नव्हते. ते कामावर हजर होते.

१२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, बाबासाहेब मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्यांनी हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शंभर मुले जातात, त्यांतली चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जमा होतात. सरकार माणशी शिक्षणावर चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते. या चालीने गेलो तर शाळेच्या वयाची सारी मुले शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील, आणि मुलींना तीनशे वर्षे.

हे आकडे मुंबई इलाख्याचे होते, वऱ्हाडचे नव्हेत. पण आम्ही ते वाचले आणि एकाला आम्ही ओळखले. त्या ब्याऐंशीत आमचे आबाजी उभे होते. जन्मभर आम्ही त्यांना आंगठेबहाद्दर म्हणालो, कधी थट्टेनेही म्हणालो. त्यांना शिक्षणाची आवड नव्हती असेच समजलो. हे आमच्या मनाला फार लागले आहे.

त्याच साली, १३ नोव्हेंबर १९२७ ला, अमरावतीला वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. अंबादेवीच्या मंदिराचा प्रश्न तेव्हा पेटला होता. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना थोरल्या भावाच्या मृत्यूची बातमी कळली, तरी त्यांनी काम टाकले नाही. आमच्या आबाजींच्या गावातून काही माणसे पायी गेली होती, असे आत्या ऐकून सांगते. आबाजी गेले होते की नाही, तिला माहीत नाही. पण परतलेल्या माणसांनी गावात येऊन काय सांगितले ते तिला पाठ आहे. पोरांना शिकवा, मेलेले ढोर ओढू नका, उरलेले शिळे मागू नका.

म्हणून १९४१ साली आबाजींनी आमच्या वडिलांचा हात धरून त्यांना अंजनगावच्या शाळेत नेले. स्वतः आंगठा देणाऱ्या माणसाने हे केले. कापूस तेव्हाही फुटत होता, वेचणी तेव्हाही होती, घरात पैसा तेव्हाही नव्हता. पण दिवाळीनंतर वडिलांचे नाव कमी झाले नाही. वडील चौथी झाले, पुढे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाले, आणि ज्या जिनिंगमध्ये आबाजी पाठीवर गाठोडी वाहत तिथेच काट्यावर तोलाई लिहू लागले. बापाच्या पाठीवरचे वजन मुलगा वहीत मांडत होता. अठरांतला एक होणे म्हणजे काय, ते आमच्या घराने असे पाहिले.

या कामी आपल्या मातीतला एक मोठा माणूस विसरता येत नाही. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावचा. ते स्वतः शाळेत गेले नाहीत. पण त्यांच्या कीर्तनात एक मागणे कायम असे, जेवायचे ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला, आणि गाडगेबाबा चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्याच नावाने आमच्या मुलांना पदवी मिळते.

बाबासाहेबांनी मात्र इंग्रजांची चूक उलटी केली. त्यांनी खालचे आणि वरचे, दोन्ही टोके एकदम धरली. १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, कारण खेड्यातल्या मुलाला शाळेपेक्षा आधी राहायला छप्पर आणि पोटाला भाकर लागते हे त्यांना ठाऊक होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अनुसूचित जातींच्या कॉलेजातल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची तरतूद करून घेतली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद कॉलेज. वऱ्हाडातून पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात गेलेली किती तरी माणसे या पानाच्या वाचकांतच असतील.

आता रजिस्टरावरच्या त्या शब्दाबद्दल. आमच्या भाचीने, म्हणजे बहिणीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने विचारले, "आपण बौद्ध आहोत ना? मग तो जुना शब्द परत कशाला शोधायचा?" प्रश्न बरोबर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भूमीवर आपल्या माणसांनी तो शब्द खाली ठेवला. पण शब्द खाली ठेवला म्हणून त्याने केलेले नुकसान भरून निघत नाही. बौद्ध झाल्यामुळे केंद्राच्या सवलती गेल्या होत्या, त्या मिळवायला १९९० साल उजाडले. तोवर लढावे लागले. आम्ही मुलीला सांगितले, बाई, तो शब्द आपली ओळख नाही. ती आपल्या आबाजींच्या अंगावरची जखम आहे, आणि जखमेचा दाखला दिल्याशिवाय भरपाई मिळत नसते.

वंशावळ लिहून झाली, प्रतिज्ञापत्र झाले, आत्याची साक्ष लागली. जबाबाच्या कागदावर तिने आंगठा उठवला. मग आमच्या पुतणीकडे पाहून म्हणाली, "तुह्या आजाचं नाव सापडलं. पंजाचं बी सापडलं. माह्यं नाव कोनत्या रजिस्टरात हाय वं?"

कोणाजवळ उत्तर नव्हते. भाऊ शाळेत गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. पुढे तिच्या शाळेचे वय झाले, तेव्हा तिच्या कडेवर धाकटे भावंड होते. पुण्यात सावित्रीबाई आणि ज्योतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली होती. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ मध्ये महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला होता, तो छापून आला होता. नागपूरला किसन फागूजी बनसोडे यांनी आपल्या मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली होती. पण एवढे होऊनही आत्यापर्यंत काही पोचले नाही. इंग्रजांच्या व्यवस्थेत ती नव्हती, आणि खरे सांगायचे तर आमच्या घराच्या व्यवस्थेतही नव्हती. आबाजींनी मुलाचा हात धरला, मुलीचा धरला नाही. सरकारला बोल लावताना हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

प्रमाणपत्र शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी हातात आले. पुतणी आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. बाबासाहेबांच्या हिशेबाची तीनशे वर्षे आमच्या घराने शंभरात उरकली. पण त्यासाठी एक आत्या खर्ची पडली, हे ती पोरगी विसरायची नाही. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने आत्याचा रक्तदाब मोजला आणि आकडा वहीत लिहिला. वर नाव लिहिले, पूर्ण, आडनावासकट. आत्याने ते बोटाने चाचपून पाहिले.

आता थोडे रोखठोक.

पहिली गोष्ट, आम्ही उशीर केला तसा तुम्ही करू नका. मूल अकरावीत गेले की पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत करून टाका. आजोबा-पणजोबांच्या मूळ गावची शाळा शोधा, तहसिलीतली जुनी जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात, ती काढा. मोडी वाचणारा माणूस लागला तर विहारात विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ आजच बसा. आमच्या आत्याला आम्ही साठ वर्षे उशिरा विचारले.

दुसरी गोष्ट मोठी आहे. २००९ मध्ये शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला. ज्योतीरावांनी १८८२ मध्ये मागितले ते सव्वाशे वर्षांनी कायद्यात आले. पण त्याच राज्यात २०१७ मध्ये दहापर्यंत पट असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. मुले थोडी म्हणून शाळा दूर नेणे, आणि १८५६ मध्ये एका मुलासाठी शाळा ओस पडेल म्हणणे, यात आम्हाला फार फरक दिसत नाही. दोन्ही वेळी हिशेब शाळेचा झाला, मुलाचा झाला नाही. ज्या मुख्याध्यापिकेने आम्हाला रजिस्टर काढून दिले, त्यांच्या वर्गात त्या दिवशी थोडीच मुले होती. ती बहुतेक आपली आणि आदिवासींची होती. ज्यांना परवडते त्यांची मुले पिवळ्या बसमध्ये बसून निघून गेली आहेत. ती शाळा गेली तर त्या मुलांचे नाव कोणत्या कारणाने कमी होईल? रकान्यात तेच दोन शब्द येतील.

म्हणून आमच्या वस्तीत आम्ही एक साधे काम सुरू केले आहे. वर्षावासात रविवारी विहारात ग्रंथवाचन होते. त्यानंतर अर्धा तास आम्ही एक वही उघडतो. वस्तीतले कोणते मूल कोणत्या शाळेत, किती दिवस आले नाही, का आले नाही, ते लिहितो. संत्र्याचा बहार, कापूस, वीटभट्टी, आईचे आजारपण, जे असेल ते. कारण स्पष्ट लिहायचे, 'सतत गैरहजर' असे लिहायचे नाही, एवढा एकच नियम आहे. कारण लिहिले की उपाय सापडतो. दोन मुले त्या वहीमुळे परत शाळेत गेली. फार नाहीत, पण ब्याऐंशीतून दोन वजा झाली.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही आमच्या घरापासून सुरुवात केली आहे. आबाजी, सात महिने. वडील, फायनल. आम्ही तिघे, कोणी दहावी, कोणी आय.टी.आय. पुतणी, नर्सिंग, चालू. आणि आत्या, वय सत्त्याऐंशी. तिच्या रकान्यात काय लिहावे ते आम्हाला सुचत नव्हते. पुतणीने आमच्या हातून पेन घेतले आणि लिहिले : दाखल.

मागच्या रविवारी आत्याने पाटीवर नावाचे पहिले दोन अक्षर काढले. पुढचे येत्या रविवारी.